समुद्र नसलेला शेजारी

भूगोलाच्या तासाला 'भूवेष्टित देश' ही व्याख्या एका ओळीत सांगून मी पुढे जात असे. त्या ओळीत काय काय दडलंय ते २०१५ साली नेपाळकडे पाहून कळलं.

दहा वर्षांचं यादवी युद्ध २००६ च्या करारानं संपलेलं. एप्रिल २०१५ मध्ये भूकंप. सप्टेंबरात राज्यघटना आली, मधेशी नाराज झाले आणि रक्सौल-बीरगंज नाक्यावर ट्रक अडकले ते जवळजवळ पाच महिने! काठमांडूत गॅस सिलिंडर अर्धेच भरून मिळत. आपलं सरकार म्हणालं, नाकेबंदी आमची नाही, आंदोलन त्यांच्याच लोकांचं आहे. असेलही. पण जिची चूल पेटत नाही तिला हा खुलासा काय कामाचा?

कोलकाता बंदराची वाट ही आपली मेहेरबानी नव्हे. १९८२ च्या सागरी कायद्यानं तो भूवेष्टित देशांचा हक्क मानलाय (अटी दोघांनी मिळून ठरवायच्या, हे खरं). रुसवेफुगवे राजधानीत करावेत, नाक्यावर नकोत. मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी पारगमन करार केलाच ना? चिनी बंदरं कितीतरी लांब, मध्ये हिमालय... तरी केला.

पुढे आपणही शहाणे झालो. २०१९ मध्ये मोतिहारी-अमलेखगंज तेलवाहिनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची वीज आपल्या तारांवरून प्रथमच बांगलादेशात गेली. ४० मेगावॅटच, पण गेली!

फक्त चिनी हात लागलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही. ही अट मला अजून पटलेली नाही. तुम्हाला पटते का?