वाहून आणणाऱ्यांचे ऋण

पुण्यालगतच्या दापोडी येथे १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी एक वनस्पतिउद्यान उभारले. ते १८६५ पर्यंत टिकले. देशी झाडांबरोबर तेथे परदेशी झाडेही वाढविली जात. अशी रोपे व बियाणे समुद्रमार्गे मुंबईस येत आणि बोरघाट चढून देशावर पोहोचत. उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव इतिहासात राहिले. परंतु ती रोपे ज्यांनी सांभाळून आणली, त्या नावाड्यांची व हमालांची आठवण कोणी काढीत नाही.

हा अन्याय जुनाच आहे. लंडनमधील औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर याने १७१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरदेशीच्या हजारो वनस्पती जमविल्या. त्यासाठी तो स्वतः सातासमुद्रांपार गेला नाही. जहाजांचे कप्तान व वैद्य यांना तो छापील सूचना देई आणि ते बंदरोबंदरीच्या फांद्या दाबून, वाळवून त्याच्याकडे आणीत. हे काम सोपे नव्हते. दमट हवेने पानांवर बुरशी चढे, कीड लागे. जिवंत रोपे तर खाऱ्या तुषारांनीच करपून जात.

कोकणात नीरफणस सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्रज कप्तान विल्यम ब्लाय याने १७८९ मध्ये ताहिती बेटावरून त्याची हजाराहून अधिक रोपे घेतली, तेव्हा जहाजातील कप्तानाची प्रशस्त खोली रोपांसाठी सोडून दिली होती. खलाशांनी बंड करून ती सारी रोपे समुद्रात फेकली. दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, रोपे वेस्ट इंडिज बेटांवर सुखरूप पोहोचली. हा खटाटोप कशासाठी? उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून!

तेव्हा वाहकांची नोंद ठेवणे म्हणजे त्यांची आरती ओवाळणे नव्हे. कोणी जिवापाड कष्ट केले, कोणाच्या जहाजाने अन्यायास हातभार लावला, हे दोन्ही खरेपणाने सांगितले पाहिजे. कोणी म्हणेल, वाहकांनी केवळ वेतनासाठी ओझे वाहिले. ज्ञान तर संग्राहकाचे! पण जे रोप वाटेतच मेले, त्याचे ज्ञान कोणत्या पंडितास होणार?

नाव एकदा हरवले की ते परत मिळणे कठीण. गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात दापोडीच्या वनस्पतींची सुंदर चित्रे काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत. परंतु ज्या कुशल चित्रकाराने ती काढली, त्याचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. एका ओळीची नोंद त्या वेळी झाली असती, तर केवढे काम झाले असते!

शाळेतील मुले वहीत वाळलेली पाने चिकटवितात आणि त्यांखाली झाडाचे नाव, स्थळ व दिनांक लिहितात. त्याखाली आणखी एक ओळ असावी : हे पान कोणी आणून दिले. ज्ञानाचा मान ज्ञात्यास मिळतोच. ते ज्याच्या हातून आले, त्याचेही ऋण मानावे.