घरी बांधलेले विमान : परवान्याची वाट लांब का?

मुंबईत कांदिवली येथील एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडण्यात आले. नोंदणी मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी २०१९ साल उजाडले.

या विलंबास केवळ दफ्तरदिरंगाई म्हणणे अपुरे ठरेल. कारखान्यातील विमानाचा आराखडा एकदा प्रमाणित झाला की, त्याबरहुकूम बनणाऱ्या प्रत्येक विमानास त्याचा आधार मिळतो. घरी बांधलेले विमान एकमेव असते. त्याची सुरक्षितता कोणत्या निकषावर तपासावी, हाच मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेने त्यासाठी स्वतंत्र ‘प्रायोगिक’ वर्ग ठेवला आहे. बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी वा छंदापोटी केलेले असावे लागते. तपासणीनंतर नेमून दिलेल्या क्षेत्रात, साधारणतः २५ ते ४० तास, चाचणी उड्डाणे होतात. विमानात इशाऱ्याची पाटी बंधनकारक असून भाडे घेऊन प्रवासी नेण्यास मनाई आहे. घरी गायरोप्लेन बांधणाऱ्यांनाही हीच वाट खुली आहे.

थोडक्यात, तेथे जोखीम नाकारलेली नाही, तिला मर्यादा घातली आहे. भारतातही नियम सैल करण्यापेक्षा त्यांचे टप्पे आधीच स्पष्ट असणे अधिक महत्त्वाचे आहे. पहिला रिव्हेट ठोकण्यापूर्वीच, अखेरची परीक्षा कोणती, हे बांधणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.