विसावा कोणाच्या वाट्याला?

अलीकडे कारखान्यांत, बँकांत आणि संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांत तणावमुक्तीची शिबिरे भरू लागली आहेत. दुपारच्या सुटीत कर्मचाऱ्यांना सतरंजीवर बसवून डोळे मिटायला सांगितले जाते, दीर्घ श्वसन शिकवले जाते आणि अर्ध्या तासाने ते पुन्हा आपापल्या जागी कामाला लागतात. या प्रकाराकडे चळवळीतील मंडळी दोन तऱ्हांनी पाहतात. काहींच्या मते हा निव्वळ मालकवर्गाचा बनाव आहे. त्यात लक्ष घालण्याजोगे काही नाही. इतर काही जण तोंडाने असेच बोलतात, पण रक्तदाबाची गोळी सुरू झाली की मुकाट्याने प्राणायामाच्या वर्गाला जाऊ लागतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. शरीर शांत करण्याची विद्या खोटी नाही. मात्र ती आचरणात आणायला लागणारा वेळ आणि स्वास्थ्य समाजात सारखे वाटलेले नाही, आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

आधी शरीराचा व्यवहार समजून घ्यावा. संकट समोर आले की प्राणी एक तर लढतो, नाही तर पळतो. त्यासाठी शरीर जी तयारी करते तिचे वर्णन अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये केले. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, पचन मंदावते, रक्तात साखर उतरते. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी पुढची पायरी दाखवली. हीच तयारी दिवसेंदिवस चालू राहिली तर संरक्षण करणारी यंत्रणाच शरीराला पोखरू लागते. वाघ निघून गेला की हरीण पुन्हा चरू लागते. माणसाचा वाघ मात्र मुकादमाच्या, हप्त्याच्या, भाड्याच्या किंवा रद्द होऊ शकणाऱ्या कंत्राटाच्या रूपाने रात्रीही उशाशी बसून असतो. मग झोप तुटते, रक्तदाब चढलेलाच राहतो, आणि त्यातून हृदयविकाराची व मधुमेहाची वाट मोकळी होते.

या चढलेल्या यंत्रणेला उतरवणारी दुसरी यंत्रणाही शरीरातच आहे. मेंदूच्या तळापासून निघून हृदयाकडे व पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची चेता ठोक्यांना लगाम घालते. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास, उच्छ्वास जरा लांबवून, काही वेळ घेतले की हृदयाची गती आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. यात गूढ काही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रियांची प्रयोगशाळेत उपकरणांनी तपासणी करण्यासाठीच. श्रद्धेचा विषय मोजमापाखाली आणण्याची ही महाराष्ट्रातली परंपरा विवेकवाद्यांनी नाकारण्याचे कारण नाही.

पण सतरंजीवरून उठल्यावर काय? याचे उत्तर लंडनमधील सरकारी नोकरांच्या अभ्यासाने दिले आहे. व्हाइटहॉल या नावाने ओळखली जाणारी ही पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या फेरीत सुमारे साडेसतरा हजार पुरुष कर्मचारी होते. यांपैकी कोणीही उपाशी नव्हता, सर्वांना कायम नोकरी होती, आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा सर्वांना मोफत होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांचा हिशेब करूनही या फरकाचा मोठा भाग उलगडेना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचारी होते. तीत मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक महत्त्वाचा दुवा सापडला: आपल्या कामावर स्वतःचा ताबा किती, या प्रश्नाचे उत्तर हृदयविकाराशी जोडलेले आहे. जबाबदारीचे ओझे साहेबावरही असते. पण काम केव्हा, कसे आणि किती वेगाने करायचे हे तो ठरवतो, शिपाई किंवा कारकून ठरवीत नाही.

याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण कोणाही कार्यकर्त्याच्या मनात घर करील असे आहे. कामाच्या वेळी रक्तदाब वरिष्ठांचाही चढलेला होता. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र वरिष्ठांचा रक्तदाब बराच उतरला, कनिष्ठांचा तितका उतरला नाही. विषमता केवळ पगारपत्रकात राहत नाही, ती घरापर्यंत माणसाच्या सोबत जाऊन रक्तवाहिन्यांत उतरते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मुंबईच्या कामगारांना हे सत्य पाहणीशिवायच कळले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत साप्ताहिक सुटी होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याची जी खटपट झाली, तिच्या परिणामी १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. हे कायदे म्हणजे श्रमिकांच्या चेतासंस्थेचे संरक्षकच होते, जरी त्या काळी त्यांना कोणी हे नाव दिले नाही.

आज उलटा प्रवास सुरू झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल, असे समर्थक सांगतात. हा युक्तिवाद वरवर टाकाऊ नाही. चार दिवस राबून तीन दिवस मोकळे मिळाले तर ते कोणाला नको? पण शरीर आठवड्याचा हिशेब ठेवीत नाही, ते रोजचा ठेवते. बारा तासांच्या पाळीला जाण्यायेण्याचे दोन-तीन तास जोडले, तर स्वयंपाक, मुले आणि झोप यांना मिळून नऊ-दहा तास उरतात. शिवाय जादा काम नाकारण्याचा हक्क कागदावर असला, तरी कंत्राटी कामगार तो बजावू शकतो काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम केल्यामुळे एकट्या २०१६ या वर्षात पक्षाघाताने आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली.

स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला २९९ मिनिटे जातात असे आढळले, पुरुषाची ९७. कामावरून सुटलेली स्त्री घरी विसावत नाही, दुसऱ्या पाळीवर रुजू होते. हे ओझे कायद्याने हटणार नाही. ते कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरापासून हटवावे लागेल, आणि येथे भाषणांची मात्रा चालत नाही.

कार्यकर्त्यांच्या प्रकृतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. रात्री दोनपर्यंत बैठका, चहावर दिवस काढणे आणि दुखणे अंगावर काढणे यांना चळवळीत त्यागाचा मान मिळत आला आहे. त्यात किती उमदी माणसे ऐन उमेदीत गमावली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. गांधीजी ऐन लढ्याच्या दिवसांतही सोमवारचे मौन पाळीत. त्यामुळे लढा मंदावला नाही. रोज दहा मिनिटे संथ श्वास घेणारा कार्यकर्ता क्रांतीशी फितुरी करीत नाही, तो दीर्घ लढ्यासाठी स्वतःला शाबूत ठेवतो.

म्हणून श्वसन मालकाच्या हाती सोडू नये. युनियनच्या कचेरीत ते शिकवावे, आणि त्याच कचेरीत मागणीपत्र लिहावे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने दर चोवीस तासांत सलग ११ तासांची विश्रांती हा कामगाराचा हक्क मानला आहे. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर कचेरीचा संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. केरळने २०१८ मध्ये दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. ज्या राज्यात लोखंड्यांनी रविवार मिळवला, त्या राज्यात यांपैकी एकही मागणी अवास्तव ठरू नये. डोळे मिटून श्वास सोडायला शिकवणाऱ्या मालकाला कामगारांनी इतकेच विचारावे: डोळे उघडल्यावर पाळी किती तासांची आहे?