खुरपणीच्या बाया आणि झोळीतील मुले

सोयाबीनची खुरपणी अंगावर आली की बाया मिळत नाहीत, ही तक्रार लातूर-नांदेडकडील बहुतेक कास्तकारांच्या तोंडी असते. बाया शहरास गेल्या, रेशनच्या धान्याने आळसावल्या, अशी कारणेही लागलीच सांगितली जातात. आमचे मत निराळे आहे. आपल्याच गावातील कित्येक बाया हंगामात घरी बसतात त्या आळसाने नव्हेत. मांडीवर मूल आहे आणि ते विश्वासाने ठेवावयास जागा नाही, एवढेच त्याचे कारण होय. ज्या येतात त्या बांधावरील बाभळीस लुगड्याची झोळी बांधून येतात, आणि त्यांचे अर्धे लक्ष त्या झोळीकडे असते. तणात राहिलेल्या तासांचा दोष मग त्यांच्या हाताला दिला जातो.

या बाबतीत आमच्याकडूनही चूक घडली आहे, ती प्रथम सांगणे योग्य. महसूल खात्यात कारकुनी करीत असता नांदेड जिल्ह्यातील एका पाझर तलावाच्या कामावर आम्ही हजेरीपट सांभाळीत होतो. रोजगार हमीचा राज्य कायदा १९७७ सालचा, १९७९ पासून अमलात आलेला. कामावर पिण्याचे पाणी, सावली व पाळणाघर असावे असे त्या योजनेत सांगितलेले होते. तपासणीच्या कागदावर पाळणाघराच्या रकान्यात आम्ही निमूटपणे ‘आहे’ असे लिहीत असू. प्रत्यक्षात एका लिंबाला चार-पाच झोळ्या टांगलेल्या असत आणि दहा वर्षांची एक पोर त्या पाळीपाळीने हलवी. एके दिवशी हजेरी चालली असता ती जवळ येऊन म्हणाली, “सायेब, माझी हजेरी नाही का मांडायची?” तिचे नाव शाळेच्या पटावर होते, आमच्या पटावर ते येणे शक्य नव्हते. तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे.

पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत घातली. कामावरील बायांसोबत सहा वर्षांखालील पाच अथवा अधिक मुले असतील तर त्यांच्यातीलच एका बाईस मुले सांभाळण्यास नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी ती तरतूद होती. मागणारा कोणी नसला म्हणजे अशी कलमे कागदावरच राहतात. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्याखालील कामांवरही ही सोय गावाने पहिल्या दिवसापासून मागून घ्यावी.

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. ताराबाई मोडक यांनी बोर्डीस अंगणात मुले जमवून ज्या कल्पनेचा पाया घातला, ती १९७५ पासून सरकारी योजनेच्या रूपाने गावोगावी पोचली, हे आपणा महाराष्ट्रीयांस भूषणावह आहे. परंतु अंगणवाडी काही तासांनी सुटते व खुरपणी दिवे लागणीच्या सुमारास. शिवाय तीन वर्षांखालील मुलाचा आहार तेवढा घरी पोचतो. मूल घरीच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘पाळणा’ योजना नव्या रूपात काढली. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीलाच जोडून दिवसभर सांभाळावे असा तिचा हेतू असून, खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के व राज्याचा चाळीस टक्के आहे.

नोकरदारांच्या घरी काय आहे तेही पाहावे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास अथवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस पाळणाघर सक्तीचे झाले. २०१८ साली राज्य शासनाने आपल्या कर्मचारी स्त्रियांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. हे योग्यच झाले. पण आपल्या शेतातील बाई सव्वा महिना झाला की खुरपे हाती घेते. पहिल्या बाळंतपणाला मिळणारे सरकारी पाच हजार रुपये विश्रांतीसाठी आहेत. पुढच्या सांभाळाची तजवीज त्यात नाही.

“मजुरांच्या मुलांचा भार आम्ही का उचलावा?” हा प्रश्न आमच्यापुढे एका सधन वाचकाने ठेवला. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, एक बाई पाच मुले सांभाळते तेव्हा पाच बाया मोकळ्या होतात, आणि तिचा रोज पाच शेतांवर वाटला तर प्रत्येकावर एक पंचमांशच येतो. दोन-तीन एकरांच्या घरातील सून तर स्वतःच्याच रानात राबते. तिचे तान्हेही त्याच बाभळीखाली असते. तेव्हा हा केवळ मजुरांचा प्रश्न नव्हे. मात्र हंगामापुरती अशी वर्गणी काढली तरी सरकारवरील हक्क सोडू नये.

येत्या ग्रामसभेत पाळणाघराच्या मागणीचा ठराव लिहून घ्यावा व त्याची नक्कल बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. सोबत मुलांची नावे, वये आणि आई कोणत्या कामास जाते याची यादी जोडावी. मुलांची वये अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत असतातच. आईच्या कामाचा रकाना तेवढा आपण भरावयाचा आहे.