सावळज गटाचे सभासद

२०२५ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी पंचायत राज्याचे प्रकरण शिकवायला घेतले आणि फळ्याकडे वळण्याआधी सहज विचारले, "तुमच्या गटाचे जिल्हा परिषद सभासद कोण, सांगा पाहू." वर्गात शांतता पसरली. मागच्या बाकावरच्या एकाने धीर करून एक नाव घेतले, ते माजी आमदारांचे निघाले. सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. सध्या सभासद कोणीच नाही."

ते खरेच होते. आमच्या सांगली जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची तीच अवस्था. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागांची रचना यांवरचे वाद न्यायालयात अडकले, निवडणुका लांबत गेल्या आणि शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असे राज्याला बजावावे लागले. मधल्या काळात आम्ही अठरा वर्षांचे झालो, लोकसभेला मत दिले, विधानसभेला मत दिले. गावच्या शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न जिथे सुटतो, त्या सभागृहासाठी मात्र आमच्या बोटाला शाई लागली नव्हती.

त्या तासाला मला आर. आर. आबांची आठवण झाली. आमच्या भागात 'आबा' एवढेच म्हटले तरी पुरते. त्यांच्यावर भाषणे पुष्कळ होतात. पुण्यतिथीला तर हमखास होतात. 'सामान्य घरातला मुलगा उपमुख्यमंत्री झाला' एवढे सांगून वक्ता खाली बसतो. तो मुलगा वर कोणत्या वाटेने गेला, हे कोणी फारसे सांगत नाही. मला ते सांगावेसे वाटते.

रावसाहेब रामराव पाटील यांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ रोजी तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावी झाला. तासगावची द्राक्षे आणि बेदाणा साऱ्या देशाला ठाऊक. पण अंजनी-सावळजचा पूर्वभाग पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा. घरची परिस्थिती बेताची. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये 'कमवा आणि शिका' करीत ते बी. ए. झाले, पुढे कायद्याची पदवी घेतली. शांतिनिकेतनचे प्राचार्य होते पी. बी. पाटील. पंचायत राज्याच्या कारभाराचा फेरविचार करण्यासाठी राज्य सरकारने १९८४ साली जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच. आपल्या क्रमिक पुस्तकात तिचे नाव आहे आणि परीक्षेपुरते ते आपण पाठही करतो!

१९७९ साली आबा सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले. जिल्हा परिषदेसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण लागतात. ती त्यांनी नुकतीच पूर्ण केली होती. तेथे ते १९९० पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे होते. (यातही एक गंमत आहे. १९७९ नंतरची जिल्हा परिषद निवडणूक झाली ती थेट १९९२ साली. निवडणुका लांबणीवर टाकण्याचा रोग आजचा नव्हे. पाच वर्षांचे बंधन राज्यघटनेत घालणारी ७३ वी दुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आली, ती काही उगीच नव्हे.)

जिल्हा परिषदेचा सभासद दिवसभर करतो तरी काय? त्याच्याभोवती लाल दिव्याचे तेज कधी नव्हते. शाळेच्या खोल्या, आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका, गुरांचा दवाखाना, पिण्याच्या पाण्याची विहीर, पावसाळ्यात वाहून गेलेला रस्ता, ही त्याची कामे. गटविकास अधिकाऱ्यासमोर बसून कागद पुढे सरकवायचा. ग्रामसेवक काय दडवतो आणि का दडवतो हे ओळखायचे. एका गावाला रस्ता दिला की शेजारचे गाव रुसते, त्याची समजूत काढायची. या कामात भाषणाला टाळ्या मिळत नाहीत. पण गाव कसे चालते, कुठे अडते आणि कशाने हलते हे अंगात मुरते. आबांच्या अंगात ते अकरा वर्षे मुरले, असे माझे मत आहे.

याचा पुरावा १९९९ नंतर मिळाला. १९९० साली ते तासगावमधून विधानसभेवर गेले आणि पुढे लागोपाठ सहा वेळा निवडून आले. १९९९ साली ग्रामविकास खाते त्यांच्याकडे आले आणि वर्षभरातच संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. सरकारने अनुदान वाटायचे आणि गावाने ते खायचे, ही जुनी रीत. आबांनी ती उलटी केली. आधी गावाने झाडू हातात घ्यायचा, मग बक्षिसासाठी तालुका, जिल्हा, राज्य अशा पातळ्यांवर झुंजायचे. गावाची ईर्षा हे केवढे मोठे भांडवल आहे, हे मंत्रालयात बसून कळत नाही. शेजारच्या गावाने पारितोषिक पटकावले म्हणून रात्री चावडीवर बैठक भरते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच अशी योजना सुचते. गृहखाते मिळाल्यावर २००७ साली त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिची जातही हीच. बांधावरची भांडणे कोर्टात नेण्याऐवजी गावातच मिटवायची.

पण इथे मला थांबावे लागते, कारण आबांचे सगळेच गोड मानून घेणे मला प्रामाणिक वाटत नाही.

गावाकडे पाहण्याची जी नजर त्यांना वर घेऊन गेली, तीच नजर मुंबईकडे पाहताना अपुरी पडली. २००५ साली त्यांनी डान्सबारवर बंदी आणली. गावोगावच्या आयाबायांनी त्यांना दुवा दिला. त्या बंदीमुळे ज्यांची रोजीरोटी गेली, त्या हजारो बायकाही कोणाच्या तरी आयाबहिणीच होत्या. त्यांचे पुढे काय होणार, याचा विचार आधी झाला नाही. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. मग आला २००८ चा नोव्हेंबर. मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसे मेली होती, आणि पत्रकारांशी हिंदीत बोलताना गृहमंत्री आबांच्या तोंडून 'मोठ्या शहरांत असा एखादा प्रकार घडतोच' अशा अर्थाचे वाक्य निघून गेले. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

आमच्या घरी त्या वाक्याची बाजू घेणारे अजूनही आहेत. हिंदी त्यांची नव्हती, धीर द्यायला म्हणाले, वगैरे. असेलही. पण गृहमंत्र्याच्या शब्दाला लाखमोलाचे वजन असते आणि दुखवट्याच्या घरी काय बोलू नये, हे तर गावातला माणूस चांगले जाणतो. चूक झाली होती. त्यांनी खुर्ची सोडली, हेही तितकेच खरे. २००९ साली ते पुन्हा गृहमंत्री झाले तेव्हा त्यांनी नक्षलग्रस्त गडचिरोलीचे पालकमंत्रिपद मागून घेतले. जिथे जायला लोक टाळतात ती जागा. याला प्रायश्चित्त म्हणावे की स्वभाव, मला ठरवता येत नाही.

सर्वांत वरची खुर्ची त्यांना मिळाली नाही. २००४ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आमदार निवडून आले. तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेले आणि आबा उपमुख्यमंत्री झाले. तो आकड्यांचा आणि खात्यांचा सौदा होता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. सत्तावन्न हे काही जाण्याचे वय नव्हे.

त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई निवडून आल्या, २०१९ सालीही त्याच आल्या. २०२४ साली चिरंजीव रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी आमदार झाले. लोकांनी निवडून दिले, त्यात गैर काही नाही; रोहितदादांच्या भाषणाला मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण मनात एक तुलना येते, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्या मागे आडनावाचे बळ नव्हते, त्याला बापाच्या पिढीत सावळज गटाची पायरी तरी मिळाली. आज अंजनीतल्या एखाद्या तशाच बेताच्या घरातल्या मुलाला राजकारणात यायचे झाले, तर त्याने पाय कुठे ठेवायचा? आडनाव नाही, पैसा नाही. आणि गटाची निवडणूकच वर्षानुवर्षे होत नसेल, तर पायरीही नाही. प्रशासक प्रामाणिक असेल, कार्यक्षमही असेल. तो बदली होऊन जातो. मागे नवा माणूस तयार होत नाही.

शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या की वर तेच पोचतात ज्यांना वरून दोर सोडलेला असतो. हे आपण वादविवाद मंडळात बोललो नाही, विद्यार्थी प्रतिनिधींच्या सभेतही बोललो नाही. तिथेही आपल्याला निवडणूक नकोशीच असते म्हणा!

त्या दिवशी तास संपल्यावर कँटीनमध्ये मी माझ्या मित्राला विचारले. तो जत तालुक्यातला, कोरडवाहू घरचा, बोलायला पट्टीचा, वसतिगृहातली भांडणे मिटवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पुढे काय व्हायचे, असे विचारले की तो एका दमात 'आमदार' म्हणतो.

"आणि त्याआधी जिल्हा परिषद?"

त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला तलाठ्याच्या परीक्षेला बसायला सांगत होतो.

"तिथं कोण जातं रे आता?" तो म्हणाला.