अत्याचाराला गुण देणारे गेम नकोत: तीर्थपुरीच्या पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत: मा. तहसीलदार, घनसावंगी, जि. जालना

विषय: लैंगिक अत्याचाराची करमणूक करणाऱ्या व्हिडिओ गेमवर नियंत्रण आणण्याबाबत.

महोदय,

तीर्थपुरी परिसरातील पालक व महिला बचत गटांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

मुलांनी गेम खेळूच नयेत किंवा गेम खेळणारा प्रत्येक मुलगा गुन्हेगार होतो, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप लैंगिक अत्याचाराची करमणूक करणाऱ्या गेमना आहे. सिनेमात प्रेक्षक अत्याचार पाहतो. या गेममध्ये खेळणारा तो स्वतः करतो आणि केला की पुढे सरकतो. बाईचा नकार हा फक्त ओलांडायचा अडथळा उरतो. तीच भाषा व्हॉट्सॲप ग्रुपवर थट्टा म्हणून फिरते आणि छेडछाडीची तक्रार करणाऱ्या मुलीलाच ‘एवढं काय मनावर घेतेस’ असे ऐकावे लागते.

एप्रिल २०२५ मध्ये ‘स्टीम’ या गेमविक्रीच्या संकेतस्थळावरील ‘नो मर्सी’ हा असाच गेम ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियात बंद झाला. टीका वाढल्यावर निर्मात्याने तो ‘स्टीम’वरूनच मागे घेतला. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो लावून ‘लिलाव’ मांडला गेला. तो गेम नव्हता, पण बाईच्या विटंबनेची मजा तीच. मुंबई पोलिसांनी अटक केलेल्यांत विशीतले विद्यार्थी होते.

सिनेमाला प्रमाणपत्र लागते, ओटीटीला २०२१च्या नियमांनुसार वयोगट द्यावा लागतो. गेमना असे सरकारी वर्गीकरणच नाही. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोखही पैशांच्या खेळांवर आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. गेमना वयोवर्गीकरण सक्तीचे करावे, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

२. लैंगिक अत्याचारासाठी बक्षीस देणाऱ्या गेमची भारतातील विक्री थांबवावी. पीडितेची बाजू मांडणाऱ्या कलाकृतींना यातून वगळावे.

३. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ व ६७अ, आणि बालकांचे चित्रण असल्यास ६७ब यांखाली आलेल्या तक्रारींवर काय कारवाई झाली, ते तक्रारदाराला लेखी कळवावे.

४. विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ मध्ये ठरवून दिलेल्या सखी सावित्री समित्यांच्या बैठका तालुक्यातील प्रत्येक शाळेत नियमित व्हाव्यात. संमतीबद्दलचे बोलणे मुलग्यांशीही व्हावे.

५. मोबाइलवर वयाची मर्यादा कशी लावावी आणि तक्रार कुठे करावी, याचे मराठी प्रशिक्षण पालकांना द्यावे.

या विषयाचा बोभाटा झाला की पहिला मोबाइल मुलीच्या हातातून जातो. तसे होऊ देऊ नये. बंधन गेम बनवणाऱ्या व विकणाऱ्यांवर असावे. लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
पालक व बचत गटांच्या महिला, तीर्थपुरी

प्रत: मा. पोलीस अधीक्षक, जालना, मा. गटशिक्षणाधिकारी, घनसावंगी