मुलाच्या ‘नको’ला मान हवा : भीतिदायक राइड्सबाबत पालक-शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मनोरंजन उद्यानांची व्यवस्थापने;
यात्रा, उरूस व जत्रांच्या समित्या आणि पाळणेमालक;
परवाना देणारे पोलीस व जिल्हा प्रशासन;
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : भीतिदायक राइडसाठी मूल तयार आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी

महोदय,

आम्ही शाळकरी मुलांचे पालक आहोत आणि आमच्यात त्यांना दरवर्षी सहलीला नेणारे शिक्षकही आहेत. पाळणे बंद करा, भुताचे बंगले पाडा, असे काहीही आम्ही मागत नाही. मुलांना थरार आवडतो आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. आमची तक्रार वेगळी आहे. एखादे मूल भीतिदायक राइडसाठी तयार आहे का, हा प्रश्न आज गेटवरच्या उंचीच्या पट्टीवर सोपवला जातो, आणि त्या पट्टीला त्याचे उत्तर देता येत नाही.

पट्टी कशासाठी असते ते आधी सांगतो. राइडमध्ये मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून उतरणारी चौकट ठरावीक मापाच्या शरीरासाठी घडवलेली असते. मूल लहान चणीचे असेल तर दांडा आणि मांडी यांच्यात फट राहते. झटका बसला की मूल उचलले जाते किंवा खालून घसरते. एकाच दांड्याखाली वडील आणि मूल शेजारी बसले तर दांडा वडिलांच्या मांडीवर अडतो आणि मुलापाशी मोकळी जागा उरते. म्हणून पट्टी हवीच, आणि तिच्यात एका सेंटिमीटरचीही सूट नको. मुलाला टाचा उंचवायला लावून किंवा गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालून आत घुसवणाऱ्या पालकांना आम्ही पाठीशी घालणार नाही. पण पट्टी मापते ते शरीर. १२० सेंटिमीटर उंचीचे मूल ६ वर्षांचे असू शकते आणि ९ वर्षांचेही. दांड्याच्या दृष्टीने दोघे सारखे. अंधाऱ्या बोगद्यात समोरून सांगाडा अंगावर आला की दोघांच्या मनात जे होते त्यात मात्र फार अंतर असते.

हे अंतर अभ्यासलेले आहे. १९६९ मध्ये रीटा डीव्रीज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचे एक गरीब मांजर त्यांनी मुलांना दाखवले, कुरवाळू दिले. मग मांजराचे तोंड पडद्याआड ठेवून त्यावर एका उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवला. मांजराची पाठ आणि शेपूट मुलांना पूर्ण वेळ दिसत होती. तरी ३ वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटले, आता हा कुत्रा झाला. ६ वर्षांच्या आसपासची मुले ठामपणे म्हणाली, मुखवटा घातला तरी हे मांजरच. पुढे १९८६ मध्ये ग्लेन स्पार्क्स आणि जोॲन कँटर यांनी ‘हल्क’ या दूरदर्शन मालिकेवर केलेल्या अभ्यासातही असेच दिसले : लहान मुले सर्वाधिक घाबरली ती साध्या माणसाचे हिरव्या राक्षसात रूपांतर होताना. तो राक्षस कथेतला सज्जन, संकटात धावून येणारा, हे त्यांची भीती कमी करण्याच्या कामी आले नाही.

म्हणजे ४ वर्षांच्या मुलाला रांगेत उभे करून “अरे, खोटं असतं ते, मी आहे ना” असे कितीही समजावले तरी उपयोग होत नाही. ते खोटे आहे हे डोक्यात उतरायला जी समज लागते ती त्या वयात घडत असते. त्याला उपयोगी पडते ती जवळ घेणारी मिठी आणि तिथून बाहेर पडण्याची वाट.

भीतीचे प्रकारही दोन आहेत आणि ते एकाच फलकावर कोंबले जातात. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ पासून ‘नायट्रो’ हा सुमारे ४० मीटर उंचीचा रोलरकोस्टर आहे, आणि तिथेच ‘सलीमगड’ ही भुताखेतांची अंधारी राइडही आहे. पहिल्यात पोटात गोळा येतो, दुसऱ्यात मनात काहीतरी घर करते. नायट्रोवरून हसत उतरणारे १२ वर्षांचे मूल भुताच्या दारातून मागे फिरू शकते. त्यात विसंगत काही नाही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये १९६९ पासून चालू असलेल्या ‘हाँटेड मॅन्शन’ला उंचीची अटच नाही, कारण गाडी सावकाश चालते आणि शरीराला धोका नसतो. उंचीची अट नाही म्हणजे लहानग्यांसाठी ठीक, असा अर्थ लावून जगभरचे आईबाप तान्ह्या पोरांना आत नेतात. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममधली स्नो व्हाइटची राइड १९७१ मध्ये सुरू झाली. तिच्यात चेटकीण जागोजागी समोर येत असे आणि लहान मुले फार घाबरत, म्हणून ती राइड १९९४ मध्ये बदलावी लागली. मुलांना कशाची भीती वाटते हे एवढ्या अनुभवी मंडळींनाही कागदावर कळले नाही; मुले आत गेल्यावर कळले.

आणखी एक तुलना करून पाहा. आपल्याकडे भुताचा चित्रपट लागला तर त्याला वयाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर ‘यूए’ वर्गाचेही ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले. चित्रपटात भूत पडद्यावर असते, खुर्चीवरून उठून बाहेर जाता येते. राइडमध्ये भूत हाताच्या अंतरावर येते, अंगावर वारा फुंकते आणि दांडा लॉक केलेला असतो. तिथे मात्र वयाबद्दल मार्गदर्शन करणारा एक शब्द सापडत नाही.

आपल्या परंपरेत मुलांना घाबरवण्याची रीत आहे आणि ती आम्हाला प्रिय आहे. रत्नागिरीकडच्या गावांत शिमग्याला संकासुर येतो. काळे कपडे, मुखवटा, कमरेला घुंगरे. तो पोरांच्या मागे धावतो, पोरे किंचाळत पळतात, आणि लगेच परत येऊन त्याला चिडवतात. यात किती जवळ जायचे हे मूल ठरवते. नकोसे झाले की आजीच्या पदराआड शिरते, उंबऱ्याच्या आत जाते. पुढच्या वर्षी एक पाऊल पुढे टाकते. मुले धीट होतात ती अशा भीतीतून, जिच्यातून माघार घेता येते. यांत्रिक राइडमध्ये माघारीची ही सोय नाही, म्हणून ती बाहेर, राइड सुरू होण्याआधी, मुद्दाम करून द्यावी लागेल. आमच्या सगळ्या मागण्या इथून निघतात.

पहिली मागणी माहितीची. प्रत्येक भीतिदायक राइडबाहेर, रांगेच्या सुरुवातीला आणि तिकीट खिडकीवर, मराठीत मोठ्या अक्षरांत फलक असावा : आत अंधार किती वेळ आहे, अचानक मोठा आवाज होतो का, राइड खाली कोसळते का, कोणी अंगावर येते का, किती मिनिटे चालते, मध्येच थांबवता येते का. चित्रपटांप्रमाणे वयाची शिफारसही असावी. उघड्यावरच्या राइडसमोर मुलाला एक संपूर्ण फेरी पाहता येईल अशी सावलीची जागा असावी. बंद राइडसाठी आतली काही दृश्ये बाहेर पाहायला मिळावीत. थरार ओसरेल अशी भीती व्यवस्थापनांना वाटत असेल तर ती आम्हाला पटत नाही. पुढे काय येणार हे माहीत असूनही मुले आजोबांकडून भुताची तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतात.

दुसरी मागणी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. दांडा लॉक करण्याआधी कर्मचाऱ्याने मुलाकडे पाहून, पालकाकडे नव्हे, विचारावे : “बसायचंय ना तुला?” मूल नाही म्हणाले, रडले किंवा गप्प होऊन मागे सरले, तर त्याला उतरवावे. पालकांनी आग्रह केला तरी उतरवावे. कर्मचाऱ्याला तसा लेखी अधिकार द्यावा, कारण बाप आवाज चढवतो तेव्हा गेटवरचा पोरगेला कामगार गप्प बसतो. रांगेत जागोजागी बाहेर पडण्याची वाट असावी. आणि पैशांचा प्रश्न सोडवावा : स्वतंत्र तिकीट असेल तर परत करावे किंवा दुसऱ्या राइडला चालवावे. दिवसभराच्या तिकिटात पालकांच्या डोक्यात ‘पैसे वसूल’ हा हिशेब चालू असतो, आणि त्याची किंमत मूल मोजते. त्यासाठी न केलेल्या राइडच्या बदल्यात खाण्याचे किंवा खेळांचे एखादे कुपन देणे उद्यानांना जड जाऊ नये.

तिसरी मागणी छोटी आहे. एक मूल बसू इच्छित नसेल तर आई आणि बाबांना रांगेत पुन्हा उभे न राहता आळीपाळीने बसता यावे. डिस्ने आणि युनिव्हर्सल उद्यानांत ही पद्धत वर्षानुवर्षे आहे. ती नसली की मुलाला बाहेर कोणापाशी ठेवायचे हा पेच पडतो आणि शेवटी त्याला ओढून आत नेले जाते.

चौथी मागणी जत्रांसाठी. सोलापूरच्या सिद्धेश्वराचा गड्डा, माहीमचा उरूस, माळेगावची खंडोबाची यात्रा, इथे लाखो कुटुंबे येतात, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांचा पहिला आकाशपाळणा, पहिला टोराटोरा, पहिला ब्रेकडान्स हा अशाच मैदानावरचा असतो. इमॅजिकाचे तिकीट परवडणारी घरे थोडी आहेत. जत्रेतल्या अनेक पाळण्यांवर उंचीची पट्टीसुद्धा रंगवलेली नसते. गर्दी, कर्णे आणि घाई यांत मूल काय म्हणतेय ते ऐकूच येत नाही. समित्यांनी जागा देतानाच अट घालावी : उंचीची पट्टी, वर सांगितलेला फलक, आणि पालकाने खालून दोन्ही हात वर केले की पाळणा सावकाश थांबवण्याचा ठरलेला इशारा. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ ने पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिला आहे. परवान्यासाठी यंत्राची तपासणी मागितली जाते. तिच्या जोडीला या अटीही लिहिल्या जाव्यात. पाळणेवाले गावोगाव फिरून पोट भरणारे लोक आहेत. त्यांच्यावर खर्च लादू नये. फलक समित्यांनी छापून द्यावेत.

पाचवी मागणी शालेय शिक्षण विभागाकडे. सहलीचे संमतिपत्रक आज पालकांकडून सही घेते ती सगळ्याच गोष्टींसाठी एकदम. मुलाला कोणी विचारत नाही. ५० मुलांच्या गटात एकटे मागे राहणे १० वर्षांच्या मुलाला राइडपेक्षा अवघड वाटते, हे आम्ही शिक्षक म्हणून सांगतो. ‘भागूबाई’ हा एक शब्द पुरतो, आणि नको असलेले मूल आत जाते. नंतर ते कित्येक दिवस रात्री न्हाणीघरात एकटे जात नाही, आणि घरी कारण सांगत नाही. म्हणून विभागाने परिपत्रक काढावे : कोणतीही राइड सक्तीची नाही, न बसणाऱ्या मुलांसोबत एक शिक्षक राहील आणि त्यांच्यासाठी दुसरा खेळ आधीच ठरलेला असेल, चिडवणे शिक्षक खपवून घेणार नाहीत, आणि स्वतः तर मुळीच चिडवणार नाहीत. याच परिपत्रकात उलट बाजूही लिहावी. बसायची इच्छा असलेल्या मुलीला “मुलींना झेपत नाही” म्हणून खाली ठेवले जाते. तेही चूक आहे. अपस्मार, हृदयविकार किंवा मोठ्या आवाजाचा त्रास असलेल्या मुलांबद्दल डॉक्टरांचा सल्ला पाळावा. बाकी मुलगा-मुलगी हा निकष असू नये.

“थोडं ढकललं की पोरं धीट होतात,” असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. आमचा अनुभव तसा नाही. बळेच बसवलेले मूल पुढे साध्या पाळण्यालाही नाही म्हणू लागते. ज्याला थांबू दिले ते वर्षा-दोन वर्षांनी स्वतः हट्ट धरते, आणि तेव्हा उद्यानाला खुशीने येणारे गिऱ्हाईक मिळते. व्यवसायाच्या दृष्टीनेही हाच सौदा चांगला.

आम्ही पालकही काही बांधून घेत आहोत. मुलाला नेण्याआधी त्याला राइड दाखवू आणि आतमध्ये काय आहे ते खरे सांगू. “काहीच नाही त्यात” असे खोटे सांगून बसवणार नाही. त्याची मागणी त्याची स्वतःची आहे की मोठ्या भावाच्या पैजेची, हे एकांतात विचारू. आधी छोटी राइड घेऊ आणि उतरल्यावर ते “पुन्हा!” म्हणते का पाहू. दांडा घट्ट धरून बसणे आणि मध्ये न उठणे ही सूचना ते पाळू शकते का, हे घरीच जोखू, कारण घाबरून उठू पाहणारे मूल खरोखर धोक्यात असते. किंचाळण्याने आम्ही फसणार नाही; आनंदाने किंचाळणारी मुले ठीक असतात. रांगेत अचानक गप्प होणारे, हात घट्ट धरणारे, बाहेरच्या गेटकडे पाहणारे, पोट दुखते किंवा शू लागली म्हणणारे मूल नाही म्हणत आहे, हे आम्ही ओळखू. त्या दिवशी आम्ही रांग सोडू आणि घरी जाताना तो विषय काढून त्याला खजील करणार नाही.

पहिल्या दोन मागण्यांना फारसा खर्च नाही. फलक आणि गेटवरचा प्रश्न येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करता येईल. उरलेल्या मागण्यांवर बोलण्यासाठी उद्याने, जत्रा समित्या, पोलीस व जिल्हा प्रशासन आणि शालेय शिक्षण विभाग यांनी एकत्र बैठक बोलवावी, तीत आमचे प्रतिनिधी घ्यावेत, आणि या पत्राचे लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
पालक व शिक्षक